परात आधी, सिंक नंतर

नव्या घराचं स्वयंपाकघर सजवताना बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. आधी ट्रॉल्यांच्या दारांचा रंग, मग ओट्याचा दगड, मग टाइल्स, चिमणी, शेगडी. बजेट संपत आलं आणि दगड कापणारा माणूस मशीन घेऊन दारात उभा राहिला, की घाईघाईने सिंक आणि नळ. त्या घडीला दुकानात जे चकचकीत दिसतं आणि उरलेल्या पैशांत मिळतं, ते घरी येतं. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. सकाळच्या चहाच्या पातेल्यापासून रात्री विरजण लावून झाल्यावर विसळलेल्या चमच्यापर्यंत स्वयंपाकघरातलं जवळजवळ प्रत्येक काम सिंकपाशी सुरू होतं किंवा तिथे संपतं. शेगडी बदलता येते, चिमणी उतरवून दुसरी चढवता येते. सिंक मात्र एकदा ग्रॅनाईटखाली चिकटलं आणि नळाच्या लाइनी टाइल्समागे गेल्या, की बदल म्हणजे तोडफोड. तेव्हा ते आधी ठरवावं, आणि ठरवताना दुकानातल्या मांडणीपेक्षा आपल्या घराकडे बघावं. घरात भांडी कोणती आहेत, तिथे उभं राहून काम करणाऱ्याची उंची किती आणि नळाला येणारं पाणी कसं, एवढं नीट पाहिलं तर निम्मी निवड आपोआप होते.

भांड्यांपासून सुरुवात करू. रोज घासायच्या भांड्यांतली सर्वांत अडनिडी म्हणजे कणकेची परात, लोखंडी कढई, दांड्याचा तवा आणि कुकर. घरातली बेताची परात १४ इंचांची असते, मोठी १६ ते १८ इंचांची. दुकानांत सध्या दोन कप्प्यांच्या सिंकची चलती आहे. ३७ इंच लांब आणि १८ इंच रुंद अशा सिंकच्या कडा आणि मधली भिंत वजा केली, की एकेक कप्पा आतून जेमतेम १६ बाय १५ इंचांचा उरतो. त्यात १६ इंची परात सपाट बसत नाही. ती तिरकी उभी धरावी लागते आणि तिच्या कडेवरून घरंगळणारं पाणी थेट ओट्यावर आणि उभ्या माणसाच्या पोटावर येतं. एकच कप्पा असलेलं २४ बाय १८ इंचांचं सिंक घेतलं, तर आतून साधारण २२ बाय १६ इंच मिळतात. रोजची परात त्यात सपाट बसते, गोल फिरवता येते, आणि वाचलेले १३ इंच घासलेली भांडी पालथी घालायला ओट्याला मिळतात. परात याहून मोठी असेल, तर २० इंच रुंदीचं सिंक बघावं, मात्र ओट्याची खोली तेवढी आहे ना, हे आधी मोजावं. सिंक घ्यायला जाताना घरातली सर्वांत मोठी परात आणि कढई टेपने मोजून तो आकडा बरोबर न्यावा. दुकानात दिसणारं कोणतंही सिंक रिकामं असतं आणि रिकामं सिंक नेहमी मोठंच वाटतं.

दोन कप्प्यांचं सिंक वाईट आहे, असं नाही. ते ज्या सवयीतून आलं, ती सवय वेगळी आहे. पाश्चात्त्य घरांत एका कप्प्यात गरम साबणाचं पाणी भरून त्यात भांडी घासायची आणि दुसऱ्यात ती विसळायची, ही जुनी रीत. आपण साठवलेल्या पाण्यात भांडी घासत नाही. घासणीने घासतो आणि वाहत्या नळाखाली धुतो. त्यामुळे बहुतेक मराठी घरांत दुसरा कप्पा विसळण्यासाठी वापरला जातच नाही. त्यात उरलेली खरकटी भांडी साचतात. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: भाजी, तांदूळ धुवायचे आणि खरकटी भांडीही त्याच जागी घासायची, हे अनेकांच्या मनाला पटत नाही. मासे-मटण होणाऱ्या घरात तर नाहीच नाही. पण या अडचणीचं उत्तर एकाच सिंकचे दोन तुकडे करण्यात नाही. दोन कप्प्यांत हाताच्या लांबीएवढंही अंतर नसतं, शिंतोडे इकडचे तिकडे उडतातच. पुण्याकडच्या फ्लॅटना स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. भांडी घासायची जागा तिकडे करावी आणि आतलं सिंक भाजी-फळं, तांदूळ-डाळी आणि हात धुण्यापुरतं ठेवावं. कोकणात आणि गोव्यात मासे परसदारी साफ करण्याची पद्धत होती, तिच्यामागेही हाच विचार होता. ड्राय बाल्कनी नसेल, तर मोठ्या सिंकच्या काठावर सरकणारी जाळीची टोपली मिळते. भाजी तिच्यात धुवावी, काम झालं की उचलून ठेवावी. आणि ओटा खरोखरच लांबलचक असेल, दहा-बारा फुटांचा, तर एक मोठा आणि एक लहान असे असमान कप्पे घ्यावेत. दोन सारखे कप्पे हा सर्वांत गैरसोयीचा पर्याय, कारण त्यात दोन्हीकडे परात अडते.

लांबी-रुंदीइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिंकची खोली, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. 'खोल सिंक चांगलं, भांडी जास्त मावतात' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. जरा हिशेब करून पाहू. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७ ते ३८ इंचांवर असतं. आपले ओटे ३२ ते ३४ इंच उंच असतात. ओटा ३३ इंचांचा आणि सिंक १० इंच खोल धरलं, तर सिंकचा तळ २३ इंचांवर आला. तळाशी ठेवलेलं भांडं घासताना हात २६-२७ इंचांवर चालतात, म्हणजे कोपराच्या दहा-अकरा इंच खाली. तिथवर पोचायला कंबरेतून वाकावंच लागतं, आणि त्याच वाकलेल्या स्थितीत अर्धा-पाऊण तास काढायचा, तोही दिवसातून दोनदा. पूर्वी मोरीत बसून भांडी घासली जायची, त्यात गुडघ्यांचे हाल होते. उभ्याने घासायची सोय झाली, तेव्हा ते हाल कंबरेकडे जाऊ नयेत एवढं तरी पाहायला हवं. आठ किंवा फार तर नऊ इंच खोली बहुतेक घरांना पुरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओट्याचा सिंककडचा भाग शेगडीकडच्या भागापेक्षा तीन-चार इंच उंच घेणे. शेगडीवरच्या पातेल्यात वरून डोकावता यायला हवं, म्हणून तो ओटा खाली. सिंकमध्ये हात खाली जातात, म्हणून तो वर. ओटा बांधतानाच हे सांगितलं तर खर्च नगण्य वाढतो, नंतर मात्र ते होत नाही.

उथळ सिंकमधून पाणी बाहेर उडतं, ही यावरची तक्रार. ती खरी आहे, पण शिंतोड्यांचं मूळ बहुतेक वेळा सिंकच्या खोलीत नसून नळाच्या तोटीत असतं. तोटी फार उंचावर असेल आणि धार सरळ तळावर आपटत असेल, तर दहा इंच खोल सिंकमधूनही पाणी उडेल. तोटीचं टोक सिंकच्या काठापासून फूटभराच्या आत असावं, म्हणजे कुकर किंवा कळशी खाली धरता येते आणि धार फार उंचावरून पडत नाही. ती सिंकच्या साधारण मध्यावर पडावी. यासाठी तोटीची लांबीही बघावी लागते, कारण भिंतीपासून सिंकच्या मध्यापर्यंतचं अंतर सहज दहा-अकरा इंच भरतं आणि आखूड तोटीचं पाणी मागच्या काठावर पडत राहतं. आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ज्या घरात भांड्यांना मावशी येतात, तिथे सिंकपाशी सर्वांत जास्त वेळ उभ्या असतात त्या त्याच, आणि सिंक निवडताना त्यांना कुणी विचारत नाही. कोणत्या घराचा ओटा सोयीचा आणि कोणत्या घरी पाठ भरून येते, हे त्या नेमकं सांगू शकतात, कारण रोज चार-पाच वेगवेगळ्या सिंकपाशी त्यांचे हात चालतात. हा सल्ला घ्यावा आणि मानावा.

आता धातू. स्टीलचं सिंक म्हटलं की सगळं सारखंच, असा समज आहे आणि विक्रेत्यांचा त्यावर मोठा भरवसा असतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. सिंकसाठी चांगलं मानलं जाणारं ३०४ प्रतीचं स्टील साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं असतं. निकेल महाग. म्हणून स्वस्त सिंकमध्ये २०२ किंवा त्याच मालिकेतलं स्टील वापरतात. त्यात निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते. दोन्ही नवी असताना डोळ्यांना सारखीच दिसतात. मीठ, लिंबू, चिंच, लोणच्याचा खार यांच्या रोजच्या संगतीत काही वर्षं गेली की २०२च्या सांध्यांवर आणि जाळीच्या भोवती तपकिरी ठिपके यायला लागतात. दुकानात खात्री पटवण्यासाठी चुंबक लावून दाखवतात: 'बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.' ही परीक्षा इथे निरुपयोगी आहे, कारण चुंबक २०२लाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४चं सिंक साच्यात खोल दाबलेलं असेल, तर वाकलेल्या कोपऱ्यांवर चुंबक किंचित ओढला जातो, कारण ताणामुळे तिथली धातूची रचना बदलते. म्हणजे या परीक्षेत खोटं पास होतं आणि खरं नापास होऊ शकतं. मँगनीज ओळखणारं चाचणीचं द्रावण धातूच्या बाजारात मिळतं. त्याचा थेंब टाकून लहान बॅटरी टेकवली, की २०० मालिकेच्या स्टीलवर तो लालसर होतो. ते जमलं नाही, तर बिलावर '३०४' असं लिहून घ्यावं. बिलावर लिहायला दुकानदार काचकूच करत असेल, तर तेवढं उत्तर पुरेसं आहे.

प्रतीइतकीच जाडी महत्त्वाची. ती गेजमध्ये सांगतात, आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज म्हणजे १ मिमीच्या आत-बाहेर. त्याहून पातळ पत्र्याचं सिंक कुकर ठेवताना दबतं आणि भांडं आपटलं की घरभर वाजतं. तळाला बाहेरून रबराच्या जाड पट्ट्या चिकटवलेल्या असाव्यात. त्या आवाज खातात आणि थंड पाण्यामुळे खालच्या कपाटात येणारा दमटपणाही कमी करतात. सध्या 'हँडमेड' म्हणून विकली जाणारी काटकोनी सिंक पत्रा वाकवून आणि वेल्ड करून बनवतात. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहते, हा त्यांचा मोठा गुण. साच्यात दाबलेल्या सिंकचा पत्रा कोपऱ्यांत ताणून पातळ होतो. पण काटकोनी कोपऱ्याचा एक त्रास रोजचा आहे. भाताचं शीत, चहाची पूड, कणकेचा चिकटा नेमका त्या खाचेत जाऊन बसतो, तिथे घासणी पोचत नाही, बोटाच्या नखाने काढावं लागतं, आणि दोन दिवस राहिलं की वास सुटतो. म्हणून कोपरा हातानेच तपासावा. बोटाचं पेर आरामात फिरेल एवढी गोलाई हवी. तळाला जाळीच्या दिशेने उतार आहे का, तेही पाहावं. त्यासाठी दुकानात पेलाभर पाणी ओतून बघायला लाजू नये. सपाट तळाच्या सिंकमध्ये पाण्याचं थारोळं राहतं आणि वाळल्यावर तिथेच पांढरे डाग पडतात. पाणी जाण्याचं भोक मधोमध असण्यापेक्षा मागच्या कोपऱ्यात असलेलं बरं. मधलं भोक पहिल्याच पातेल्याखाली झाकलं जातं आणि खालच्या कपाटातली जागाही खातं.

क्वार्ट्झच्या काळ्या-करड्या सिंकबद्दल थोडक्यात. दगडाची भुकटी राळेत बांधून ती बनवतात. आवाज करत नाहीत, ओरखडे सहज दिसत नाहीत, दिसायला देखणी. पण जड लोखंडी तवा हातातून निसटला तर टवका उडू शकतो. फिक्या रंगावर भांड्यांच्या तळाच्या करड्या रेघा उमटतात आणि गडद रंगावर क्षाराचा पांढरा थर लांबून दिसतो. तुमच्याकडचं पाणी गोड आणि भांडी हलकी असतील, तर हौस जरूर करावी. बोअरच्या पाण्याच्या घरात मात्र ते काळेपण टिकवायला रोज कोरडं पुसण्याची तयारी हवी.

या पाण्याच्या मुद्द्यावर निवडीचं खरं घोडं अडतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा सह्याद्रीतल्या पावसाळी तलावांचं पाणी मिळतं, पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचं. ते मुळात पावसाचं, म्हणून क्षार कमी. मात्र शहरांभोवती वाढलेल्या वस्त्यांत बोअर आणि टँकरवर दिवस निघतात, आणि मराठवाड्यात तर बोअरच्या पाण्याने स्टीलचा तांब्या आठवड्यात पांढुरका होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे मानकात बसणाऱ्या पाण्यातही मोठा फरक असू शकतो. नळ घेण्याआधी सोसायटीतल्या पाण्याची तपासणी करून घ्यावी; तेवढंही नको असेल तर शेजाऱ्याच्या दोन वर्षं वापरलेल्या नळाची तोटी बघावी. तिच्यावर पांढरी पुटं असतील, तर आपल्या नळाचं भविष्य तेच. अशा पाण्यात मॅट काळा किंवा सोनेरी नळ घेऊ नये. क्षार काढायला आपण जे लिंबू-व्हिनेगर वापरतो, ते वारंवार लावल्याने रंगीत मुलामा लवकर उतरतो, साधा क्रोम त्यामानाने जास्त सोसतो. ॲसिडने मात्र क्रोमही जातो आणि खालच्या सिंकचं स्टीलही. संडास धुण्याचं द्रावण सिंकपाशी येऊच देऊ नये.

नळाच्या आतला भाग आता बदलला आहे. जुन्या नळात रबरी वायसर असायचा. तो झिजला की नळ ठिबकायचा आणि चार आण्यांचा वायसर घालून पुन्हा वीस वर्षं चालायचा. नव्या पाव फेऱ्याच्या नळात चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या सहजासहजी झिजत नाहीत, पण वाळूच्या एका कणाने चरा पडू शकतो. नव्या इमारतीच्या पाइपांत सिमेंट, वाळू, पाइप कापल्याचा भुगा हमखास असतो. म्हणून नळ बसवण्याआधी लाइन उघडी ठेवून बादलीभर पाणी जाऊ द्यावं, ही साधी गोष्ट प्लंबरकडून उभं राहून करून घ्यावी. नळाचं शरीर पितळेचं असावं. हातात घेतल्यावर वजनाने ते कळतं. हलक्या मिश्रधातूचा नळ तेवढाच चमकतो, पण बारीक आटा असलेला त्याचा भाग दुसऱ्यांदा उघडताना तुटतो. ड्राय बाल्कनीतल्या कामाच्या नळाला चांगल्या प्रतीचा पीटीएमटी प्लास्टिकचा नळही पुरतो. तो क्षाराने खाल्ला जात नाही आणि स्वस्तात बदलता येतो.

पाण्याचा दाब हा त्याहून दुर्लक्षित विषय. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं, तेव्हा दर मीटर उंचीला दाब साधारण ०.१ बार वाढतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि नळ यांत तीन मीटर अंतर असेल, तर दाब अवघा ०.३ बार. ओढून लांब करायच्या फवाऱ्याचे नळ बहुतेक १ बार किंवा त्याहून जास्त दाब गृहीत धरून बनवलेले असतात. दुकानात ते पंपाला जोडून दाखवतात, घरी त्यातून सुतळीएवढी धार येते. वरच्या मजल्यावर रुंद मार्गाचा साधा नळ घ्यावा, किंवा प्रेशर पंपाचा खर्च आधीच हिशेबात धरावा. उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर उलटी गत असते, तिथे दाब आवरावा लागतो. तिथे एरेटर फार उपयोगी. तोटीच्या टोकाची ही छोटी जाळी पाण्यात हवा मिसळते, धार मऊ पडते, शिंतोडे कमी उडतात आणि पाणी वाचतं. सरकारी आराखड्यात शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरलेलं आहे, म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडणारा नळ भांडी घासताना दिवसभरात वीस मिनिटं चालू राहिला, तर २०० लिटर तिथेच गेले. धार ५ लिटरवर आणली तर १०० लिटर वाचले. टँकरच्या सोसायटीत या आकड्याचं मोल सांगायला नको. एरेटर तुंबतो, ही तक्रार खरी. पण तो हाताने फिरवून निघतो, आणि महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये टाकून ठेवला की मोकळा होतो.

नळ भिंतीतून काढावा की ओट्यावर बसवावा, यावर मी भिंतीच्या बाजूने आहे. ओट्यावरच्या नळाच्या बुडाशी पाणी साचतं, तिथे क्षाराचं कडं धरतं, भोकातून ओलावा खालच्या प्लायवर उतरतो, आणि नळ बदलायचा तर प्लंबरला कपाटात आडवं शिरावं लागतं. भिंतीचा नळ सुटसुटीत. त्याच्या मागून-खालून फडकं फिरतं. आक्षेप एवढाच, की भिंतीची जागा टाइल्स लागण्याआधी पक्की करावी लागते, आणि म्हणूनच तर नळ-सिंक आधी ठरवायचं. गरम पाण्याची लाइन आज नको वाटली तरी त्याच वेळी टाकून ठेवावी. तूप-तेलाची भांडी हिवाळ्यात थंड पाण्याने निघत नाहीत. गीझरची लाइन आणि टाकीची लाइन यांच्या दाबात मोठा फरक असेल, तर एका दांडीच्या मिक्सरमध्ये एकीकडचं पाणी दुसरीकडे घुसतं. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायला सांगावं.

एवढा विचार करायचा तर खर्च वाढणार, असं वाटेल. प्रत्यक्षात पैशांची जागा बदलते. दुसरा कप्पा, रंगीत मुलामा, ओढायचा फवारा यांवरचे पैसे वाचतात आणि ३०४ स्टील, १८ गेज, पितळी नळ यांवर लागतात. थोडे पैसे ओट्याखाली ठेवावेत. वेटोळ्यांच्या लवचीक पाइपच्या प्रत्येक खाचेत तेलकट गाळ बसतो. तिथे गुळगुळीत पाइप आणि उघडून साफ करता येणारा बॉटल ट्रॅप हवा. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी कायम उभं राहतं. तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं, म्हणून गावाला जाऊन आल्यावर आधी नळ सोडावा. ओट्याच्या खालून बसवलेलं सिंक नुसत्या सिलिकॉनवर टांगू देऊ नये. २४ बाय १८ इंचांचं नऊ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तर त्यात पन्नास लिटर पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलोंचं ओझं. खाली कडप्प्याचा किंवा लोखंडी अँगलचा आधार हवा. सिंकखालचं कपाट साध्या प्लायचं असेल, तर पहिल्याच गळतीला फुगतं. तिथे कडप्प्याची फळी आणि पाणी सोसणारा प्लाय वापरावा. वॉटर फिल्टरसाठी एक जादा अँगल कॉक आणि त्याचं वाया जाणारं पाणी सोडायला ट्रॅपवर एक तोंड आताच ठेवून घ्यावं.

काम संपल्यावर मजुरी देण्याआधी सिंक बंद करून काठोकाठ भरावं, खाली सांध्यांभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि एकदम पाणी सोडावं. कागद ओला झाला, तर तो सांधा त्याच दिवशी प्लंबरकडून परत करून घ्यावा. नळाचं बिल, मॉडेल आणि आतल्या चकत्यांच्या कार्ट्रिजचा क्रमांक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. आठ-दहा वर्षांनी नळ ठिबकायला लागेल, तेव्हा अख्खा नळ न बदलता तेवढं कार्ट्रिज आणून बसवता येतं.